नालीच्या तोंडाशी चपला

हॅलो?… हॅलो, कोन?… जोरानं बोल ना वं, घरात रेंज नाई येत. थांब, आंगनात येतो… हां. बोल आता.

कोन, दीपा?… कोनती दीपा?… अवं माय, सत्यभामाची दीपा! अशी सांग ना मंग. वकिलीन झाल्यापासून तुया आवाजच बदलला, मले वाटलं ब्यांकेतूनच कोनी बोलून राह्यलं… हो, हो, मैनाबाईच हाये. माया फोन दुसरं कोन उचलन?

तब्येतीले काय होते. गुडघे कुरकुरतात, पन चालून राह्यलं… तू यवतमाळलेच ना?… मंग कुठी हायेस?… दारव्ह्यात? जिनिंगच्या गेटपाशी?

हाड्! हाड्!… तुले नाई वं, कोंबडीले. ज्वारी वाळू घातली आंगनात, जरा तोंड फिरवलं का आलीच… बोल ना तू, बोल. फोन खांद्यात धरला म्या, हात धुऊन राह्यली. कालचं कुंकू हाये, तेलात कालवलेलं. तीन डाव साबन लावला, नखातून जाऊनच नाई राह्यलं… कायचं म्हंजे? मुहूर्त नव्हता का काल जिनिंगचा!

हो… ऐकलं ना पोरी. संध्याकाळीच जीपवाल्यानं सांगतलं. उर्वशी ना? रोशनची बायको, लोहाऱ्याहून आलेली. तिले म्या पाह्यली बी नाई कधी. मी काम सोडून चार सालं झाले अन् ते औंदाच लागली. पयलाच दिवस म्हने तिचा… काय झालं आता तिचं?…

कोपरापासून?…

अरे देवा. उजवाच हात?… माय वं. उलसं लेकरू हाये म्हनतात तिले, आंगावर पिते अजून… शुद्धीवर हाये?… बोलते?… बरं. जीव त वाचला, तेच मोठं समज.

हां, सांग. काय काम होतं?… कोन, मी?… चौकशी अन् मी? अवं मी काय फौजदार हाये? सातवी शिकलेली बाई मी… हां… हां… उद्या सरकारी साहेब येनार. बरं. कामगाराईच्या बाजूनं तू. अन् तिसरं मानूस जिनिंगमधलं जुनं पायजे, ज्याचा शब्द दोन्हीकडचे मानतीन… अन् तू मायं नाव देलं!

कपिल मनेजर बी हो म्हनला? तो? माया नावानं त त्याच्या पोटात दुखते… काय म्हनला, पुन्हा सांग? मैनाबाई म्हनन ते खरं? आता कसा सरळ झाला लेकाचा!

नाई, नाई, मी कुठी नाई म्हनून राह्यली! येतो ना. अठ्ठावीस वर्षं मुकादमकी केली म्या तथी. ऐंशी बाया माया एका आवाजावर उभ्या राहेत. मले नाई विचारान त कोनाले विचारान? पन दीपे, एक आधीच सांगून ठेवतो. मी कोनाची बाजू घेनार नाई. ना शेटची, ना तुयी. जे खरं निंगन ते तोंडावर सांगन. मंग म्हनशीन, मावशी अशी काहून बोलली… हो ना? कबूल? विचार मंग.

होती ना काल! मलेच त बोलावलं होतं मशीनीची पूजा कराले. दोन सालं बंद होती जिनिंग. कापूसच नाई त चालवन काय, डोकसं? औंदा बी बोंडअळीनं अर्धा खाल्ला. तरी शेट म्हने, लाभपंचमीले बटन दाबाचंच. मले घरापरेंत जीप पाठवली, पातळ देलं, मान देला.

पूजेचं काय विचारते वं, नुसता गोंधळ! अकराले पोचलो आमी, त कायचाच पत्ता नाई. झाडू तथीच पडला, बादली तथीच, कोन्या बह्याडनीच्या चपला बी पाटाच्या बाजूले! अन् शेटीनबाई गेटातून आत येऊन राह्यली. कपिल नुसता कानाले फोन लावून इकडून तिकडे. म्याच तेलात कुंकू कालवलं, सारं उचललं, पानी शिंपलं, रांगोळी काढली. सात मशीनीले कुंकवाचे बोटं ओढले, आरती म्हनली. शेटीनबाईनं नारळ फोडला. अन् दारात फटाक्याची लड अशी लावली पोट्ट्याईनं, कानात दडे बसले माया. पेढा तोंडात टाकला अन् निंगाली, जीपवाला हॉर्न वाजवून राह्यला होता. मशीन चालू झालेली बी म्या पाह्यली नाई.

हो ना, माया माघारीच झालं सारं. पाच-दहा मिन्टानं म्हन.

नाली?… तू आत जाऊन नाई पाह्यली?… टाळं लावलं? हं. ऐक मंग. मशीनीची रांग हाये ना, तिच्या खालून लांबलचक नाली हाये, मानूस वाकून चालन येवढी. तिच्यात लोखंडाचा शाफ्ट फिरते, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपरेंत. मोटर एक, शाफ्ट एक, साऱ्या मशीनी त्याच्यावरच. वरून सरकी सांडते, रुई गळते, ते खाली साचते. मंग मोटर बंद करून बाई उतरते अन् झाडून काढते. आता बटन हाये त्या टोकाले, नालीचं तोंड या टोकाले. बटनवाल्याले खालचं दिसत नाई. खालच्या बाईले वरचं ऐकू येत नाई. समजलं?

तेच त सांगून राह्यली! चपलेवरून. जिले उतराचं तिनं आपल्या चपला नालीच्या तोंडाशी काढाच्या, बोटं नालीकडे करून. अन् अनवाणी उतराचं. वर आल्यावरच पायात घालाच्या. जोवर चपला तथी हाये तोवर बटनाले हात नाई लावाचा, शेट येवो का शेटचा बाप येवो. अन् एकीच्या चपलेले दुसरीनं हात नाई लावाचा. जिच्या तिनंच उचलाच्या.

हो, म्याच लावला हा कायदा. कागदावर कुठी नाई, पन बावीस वर्षं चालला. एक नख गेलं नाई कोनाचं…

हो दीपे. तुयी माय गेली त्याच्यानंतरच लावला. तू दुसरीत होती तवा. शाळेतून तुले उचलून आनलं होतं भीमसिंग डायवरनं, दप्तर गळ्यातच होतं तुया… जाऊ दे. ते नको काढू आता. पुढचं विचार.

कोनाले?… देवसिंगले ठाण्यात बसवला? कालपासून? काहून पन? बटन त्यानं दाबलं त कोन दाबन, त्याची ड्यूटीच हाये ते!… जेवला का तो?… बाई, बाई. त्याची बुढी माय एकटी हाये वं तांड्यात.

काय सांगते देवसिंग?… ‘नालीच्या तोंडाशी चपला नव्हत्या.’ मंग नव्हत्या! वीस सालं झाले त्याले बटनावर. एकदा शेट सोता बोंबलला, चालू कर म्हनून. यानं चपलेकडे बोट दाखवलं अन् तंबाखू मळत बसला. असा मानूस हाये तो. तो पाह्यल्याबिगर बटन दाबनार नाई, हे मी साहेबाले लिहून देतो.

अवं मंग सरळ हाये ना. चपला नव्हत्या, म्हंजे तिनं ठेवल्या नाई. नवीन पोट्टी, पयला दिवस, सांगतलेलं ध्यानात नसन राह्यलं… कोन म्हनते?… उर्वशी? ‘म्या ठेवल्या होत्या’?… घडी घडी तेच म्हनते?… दीपे, गुंगीच्या औषधात मानूस काय बी बोलते. अन् आपली चुकी कबूल कराले बी जिगर लागते, बाई. सकाळी देवसिंगनंच शिकवलं ना तिले? मंग काय बाकी राह्यलं?

अन् मले हे सांग, मुहूर्ताच्या आधी ते उतरली कायले? मुहूर्त झाल्याबिगर कोनी नालीत पाय ठेवत नाई… कपिलनं?… कपिलनं उतरवली? शेटीनबाईले कुजल्या सरकीचा वास येईन म्हनून?… अन् सांगतलं कोनाले? देवसिंगले?… त्यालेही नाई?… मले त एका शब्दानं बोलला नाई तो! मशीनीपाशीच होती ना मी, मायाच समोरून दहा डाव गेला! हे लिव. हे पयले लिव तू. उद्या त्याले मी साहेबासमोर उभा धुतो.

पन ते वर काहून नाई आली? पूजा काही दोन मिन्टाची नव्हती. आरती झाली, नारळ झाला…

लाजली?…

अंगभर घान, डोक्यात कोळ्याचे जाळे… अन् वर शेटीनबाई, नवे लुगडे नेसून साऱ्या बाया. म्हनून म्हने पूजा आटोपली का जाईन… अन् खालीच बसून राह्यली. मोटरीच्या त्या टोकाले. कानाले फडकं बांधून…

काय म्हनली? पुन्हा सांग.

‘चपला वर हायेत ना, मंग कायचं भेव.’

नाई नाई, हाये मी. ऐकून राह्यली… काही नाई, ऊन लागून राह्यलं. बसतो ओट्यावर.

पाहाय दीपे, मले बी वाईट वाटते. पन असं म्हनल्यानं होत नाई वं. चपला सापडल्या का नालीपाशी?… नाई ना? मंग कुठी सापडल्या?… दाराबाहेर? पाहुन्याईच्या चपलेत?… अन् रोशननंच वळखल्या, तिच्या नवऱ्यानं. मंग झालं वं! साऱ्याईच्या चपला बाहेर, म्हनून तिनंही बाहेरच काढल्या अन् तशीच उतरली. यात चौकशी कायची राह्यली?

कपिलनं लिहून बी ठेवलं? वाच बरं… ‘कामगाराने ठरलेली खूण ठेवली नाही. कामगाराचा निष्काळजीपणा.’ आता तो मानूस मले नाई आवडत. सकाळी फोन आलता त्याचा. मावशी, मावशी करे. म्हने, उद्या काय बोलान ते जपून बोलजा, जिनिंगले सील लागलं त ऐंशी घरच्या चुली बंद होतीन. म्या सांगतलं, मले चुली नको शिकवू. पन हे जे त्यानं लिहिलं, यात खोटं काय हाये ते सांग मले.

हो. उद्या मी हेच सांगन. कपिलनं न सांगता उतरवली, ते त्याची चुकी. उर्वशीनं चपला ठेवल्या नाई, ते तिची. देवसिंगले सोडा… दीपे, तू रडून राह्यली का वं? रडू नको. खरं ते खरं. म्या पयलेच म्हनलं होतं ना तुले.

हां… हां, विचार. अजून काय?

चपलेले? काय लागलं चपलेले?…

कुंकू?

कुंकू कसं लागन? बाहेर पडल्या होत्या ना त्या… पट्ट्याले?… दोन्हीच्या?… बोटाचे ठसे हायेत म्हनते… मंग शेटीनबाईचा हात लागला असन. नाई, ते कायले दुसऱ्याच्या चपलेले हात लावन, तिनं त नारळच फोडला. भटजी… भटजी नव्हताच काल. ताट मीच… असन वं कोनाचं. मुहूर्ताच्या दिवशी कुंकू कुठी बी लागते. उडते ते.

उडून नाई लागलं?… चिकट हाये. तेलकट.

…

कशा हायेत त्या चपला?… हं… हं… निळ्या पट्ट्याच्या.

अन् डाव्या पायाच्या पट्ट्याले लाल दोऱ्याचे टाके.

काय?… तूच म्हनली ना आता… तू नाई म्हनली?… मंग जीपवाला बोलला असन काल. नाई त पाह्यल्या असतीन म्या कधी तिच्या पायात… हो, म्या म्हनलं खरं, का तिले कधी पाह्यलं नाई. म्हनलं… मंग…

हाड्! हाड्, मेली! सारी ज्वारी उधळली… हॅलो?… ऐकू नाई येऊन राह्यलं दीपे. आवाज तुटतो तुया… ब्याटरी बी कमी हाये. मी करतो मंग फोन, संध्याकाळी करतो…

नाई. थांब. ठेवू नको. ठेवू नको वं.

दीपे, जवळ कोनी हाये का तुया?… रोशन कुठी हाये?… गेला दवाखान्यात. अन् कपिल?… हाफिसात. बरं. चपला तुयाच हातात हायेत ना?… पिशवीत. पोलिसाईनं पाह्यलं का ते कुंकू?… नाई. रोशननं?… त्यानंही नाई. म्हंजे तू एकटीनंच.

ऐक ना वं. ऐक मायं, पोरी. तथी गेटापाशी नळ हाये. रुमाल असन ना तुयाजवळ? उलसा ओला कर अन्… पुसून टाक ना ते.

पुसून टाक वं दीपे. मी बासट वर्षाची बाई, मले नको कोर्टात नेऊ. जिनं कायदा केला तिनंच… बाया काय म्हनतीन मले? तोंड कुठी लपवू मी? देवसिंगले मी सोडवतो, ते मायावर सोड. उर्वशीचंही मी पाहतो, शेटच्या पायावर डोकं ठेवतो, तिले बसून कराचं काम लावतो. अन् काय वं, पुसलं न पुसलं, तिचा हात काही आता येनार नाई. मी जानून केलं का? पूजा होती. समोर चपला दिसल्या, देवापाशी बरं दिसत नाई म्हनून उचलल्या. दोन सालं बंद पडलेली जिनिंग, खाली कोन असन हे माया मनातच आलं नाई. कोनाच्याही मनात आलं नसतं…

दीपे, पुसते ना?

काय?

‘माया आईच्या वेळी बी असंच पुसलं का?’

…

कोनं सांगतलं तुले?… कागद?… तुयाजवळ हाये तो कागद? माया सहीचा?… कवापासून माहीत हाये तुले?… वकिलीच्या पयल्या सालापासून. अन् दर दिवाळीले माया पाया पडाले येत होती तू! चिवड्याचा डबा घेऊन येत होती!

मंग उद्यासाठी मायं नाव काहून देलं?… फसवाले?… नाई. मंग?…

एक डाव खोटं बोललेली बाई दुसऱ्या डाव बोलनार नाई म्हनून.

…

पदर खोचलेला होता, दीपे.

कागदावर लिहिलं ना, सत्यभामाबाईनं पदर खोचला नाई, म्हनून शाफ्टनं ओढला. खाली माया सही. पन तिनं खोचलेला होता. घट्ट. म्या सोता पाह्यला. उतरताना मायाकडे पाहून हासली बी होती ते. मीच पाठवली होती तिले खाली. अन् बटनवाल्याले सांगाचं इसरली मी. कोनीच नाई सांगतलं. तवाचा मनेजर म्हने, सही कर मैनाबाई, नाई त जिनिंग बंद पडते, ऐंशी बाया घरी बसतात. म्या केली.

मंग चपलेचा कायदा लावला. लोकं म्हनत, मैनाबाईनं बायाईचे जीव वाचवले. मी खाली मान घालून ऐके. बावीस सालं ऐकलं. ऐकता ऐकता मलेच खरं वाटाले लागलं होतं वं.

रडू नको. नाई, रड. रड तू. तुले हक्क हाये.

लिव आता… वही नको, फोनमध्येच भर मायं बोलनं. चालू केलं?… सांगतो.

मी मैनाबाई. काल अकरा-सव्वा अकराले मी आत गेली, तवा नालीच्या तोंडाशी, पूजेच्या पाटाच्या बाजूले, निळ्या पट्ट्याच्या चपला होत्या. बोटं नालीकडे, टाचा इकडे. एकीले एक लावून. जशा ठेवाले पायजे तशाच ठेवल्या होत्या पोरीनं. म्या कुंकवाच्याच दोन बोटानं उचलल्या. ‘कोन बह्याडनीच्या हायेत’ म्हनून शिवी बी देली. दाराबाहेर नेल्या अन् माया चपलेच्या बाजूले टाकल्या. घरी निंगाली तवा माया चपला पायात घातल्या, अन् तिच्या तथीच राह्यल्या. मले काही आठवलं नाई. ते खाली बसून होती अन् मी वर आरती म्हनून राह्यली होती. देवसिंगनं पाह्यलं असन, त चपला नव्हत्याच. त्यानं बरोबर केलं. उर्वशीनं बरोबर केलं. कपिलनं कोनाले सांगतलं नाई, ते त्याचं त्यानं सांगावं. चपला म्या उचलल्या.

झालं. बंद कर.

अटक करन त करू दे… नाई, उद्या नाई. आजच येतो. दीडची जीप हाये, ते भेटन मले… नाई दीपे, तू नको येऊ घ्याले. अन् त्या साहेबाच्या कागदावरून मायं नाव खोड. चौकशी करनाऱ्यात मी नाई बसत आता. मथुराबाईले बसव, तिनं बी वीस सालं काढले तथी. अन् मायं नाव कुठी लिवाचं ते तुले माहीत हाये.

पयले ठाण्यात जाईन. देवसिंग बाहेर आला का मंग दवाखान्यात… नको. उर्वशीले तू काही सांगू नको. मी सांगतो… काय सांगन म्हंजे? तुनं ठेवल्या होत्या, येवढंच. पुढचं ते काय बोलन ते ऐकून घेईन. थुकली त पुसनार नाई.

हां, अन् चपला पिशवीतच ठेव. कपिलच्या हाती देऊ नको. पुसू नको हो, पोरी. मघा म्या म्हनलं ते… ते ऐकलंच नाई असं समज. नाई, ऐकलं असं समज. ते बी लिव.

माया नखात अजून हाये कुंकू. साबन पडला दगडावर, आता नाई धुत. असाच हात घेऊन येतो. साहेबाले म्हना, लावून पाहा बोटाले बोट.

दीपे, शिव्या द्याच्या असतीन त दे.

फोन तू ठेव वं. मायानं नाई ठेवनं होत.

हॅलो?…

ठेवला.